यंदा गाडीला काय करायचं?

आमच्या साडूंची गाडी पहिल्यांदा पाहिली त्याच दिवशी मी तिच्यावर चिकूची करंडी ठेवली. गाडीला मागचे दरवाजे नव्हते, डिकीच्या वर एक रुंद काळी फळी बसवलेली होती आणि ती फळी नेमकी करंडीच्या मापाची होती. एवढी सोयीची जागा कोणी उगाच करून ठेवील असं मला वाटलं नाही. मी करंडी नीट टेकवली, वरून पंचा टाकला आणि पुढे जाऊन बसलो. वाडीच्या फाटकापर्यंत करंडी टिकली. रस्त्याला लागताना साडूंनी वळण घेतलं आणि शंभरेक चिकू आमच्या मागून गडगडत निघाले. साडू उतरले, एकेक चिकू वेचला, कुठला फुटला नि कुठला वाचला ते पाहिलं, करंडी माझ्या मांडीवर दिली आणि न रागावता म्हणाले, "साडूभाऊ, ती फळी वाऱ्यासाठी आहे. गाडी वेगात असली की वारा तिच्यावर बसतो." वाऱ्याला बसायला पाट मांडणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आणि वेगाची इतकी ओढ असून स्वभावाने इतका संथ असा माणूस त्यानंतरही पाहिला नाही. हा पाट मांडणारे आमचे साडू स्वतः चाळीसच्या वर क्वचित जात.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तिला आम्ही सगळेच ताई म्हणतो. डहाणूच्या किनाऱ्याला त्यांची चिकूची वाडी आहे आणि पंचक्रोशीत त्यांच्या हाताचं नाव आहे ते कलमांसाठी. खिरणीच्या रोपाला चिकूची फांदी बांधून कलम करतात; ती गाठ बांधायला लोक त्यांना लांबून बोलावून नेत. पालघर जिल्हा वेगळा झाला त्या पावसाळ्यात त्यांनी ही गाडी आणली. मुंबईचे कोणी गृहस्थ कायमचे परदेशी निघाले होते, त्यांची. जपानी, दोन दारांची, जमिनीला टेकलेली. पुढे दोन ऐसपैस सीट आणि मागे एक एवढीशी सीट, जिच्यावर मोठा माणूस बसला तर त्याचे गुडघे हनुवटीला लागतील. वाडीवर चिकू काढायला येणाऱ्या बाया तिला कासव म्हणत, आणि साडूंना ती चालवताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना त्यात काही चुकीचं वाटत नसे. पन्नाशीच्या चिकू बागायतदाराने असली गाडी का घ्यावी, हे मी एकदा विचारलं होतं. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "झाड कितीही चांगलं असो, साडूभाऊ, एका जागी उभं असतं." त्यापलीकडे खुलासा मिळाला नाही.

गाडी घेतल्यावर पहिले काही महिने त्यांनी तिला हात लावला नाही. आणल्या आणल्या झाडाला कोणी सुरी लावत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग हळूहळू त्यांचं शास्त्र माझ्या लक्षात आलं. गाडीत जो काही बदल करायचा त्याला ते अपग्रेड वगैरे म्हणत नसत, कलम म्हणत. आणि कलमाचा नियम एकच: एका खुंटाला, म्हणजे खालच्या रोपाला, एका वेळी एक. ते बांधायचं, वर्षभर उन्हापावसात तसंच वागवायचं, लागलं की नाही ते पाहायचं आणि मगच दुसऱ्याचा विचार करायचा. "दोन एकदम बांधली आणि एक मेलं, तर खुंट का रुसला ते कळत नाही," असं ते सांगत. तलासरीला महामार्गाच्या कडेला ज्याच्याकडे ते गाडी नेत तो मिस्त्री उंबरगावकडचा. त्याचं बोलणं अर्धं गुजराती नि अर्धं मराठी, आणि तो या एका बाबतीत साडूंचा चेला होता. ट्रकवाल्यांनाही तो बजावायचा, "बे काम एकसाथे कराय नहीं." दोन कामं एकदम करायची नाहीत.

दर दिवाळीला, फराळ झाला की वाडीच्या ओट्यावर आमची सभा बसे. ताई शाळेत शिक्षिका, त्यांच्याकडचं हजेरीचं एक कोरं पुस्तक साडूंनी मागून घेतलं होतं. त्यात मुलांच्या नावांच्या जागी गाडीच्या भागांची नावं. ब्रेक, टायर, स्प्रिंगा, सायलेन्सर, आणि सगळ्यात खाली, पाच वर्षं त्याच जागी, टर्बो. जो भाग बसवून झाला त्याच्यापुढे 'ह', राहिला त्याच्यापुढे 'गै'. टर्बो म्हणजे काय ते मला त्यांनी अनेकदा समजावलं. इंजिनातून जो धूर फुकट जातो त्याच्याच जोरावर एक पंखा फिरवायचा आणि इंजिनाच्या तोंडात जास्त हवा कोंबायची, इतकं कळलं. कशासाठी, ते कळलं नाही. पण त्या शब्दाशी आले की साडूंचा आवाज उतरायचा. देवाचं नाव घेताना काही माणसांचा उतरतो तसा. पुस्तक मांडीवर उघडून ते आम्हा प्रत्येकाकडे पाहत आणि गंभीरपणे विचारत, "यंदा गाडीला काय करायचं?"

"धुवायची," ताई म्हणायच्या.

साडू तेही मनापासून ऐकत आणि मान हलवत. माझी बायको चिवड्याचा डबा पुढे सरकवायची. मत द्यायला मी उरायचो. मला गाडीतलं काही कळत नाही हे त्यांना माहीत होतं, पण गाडीच्या चाचणीला मी त्यांना फार सोयीचा होतो. मी तलासरीला सरकारी कचेरीत कारकून, रोज डहाणूहून एसटीने जाणारा. रविवारी साडू मला घ्यायला येत, आधी वाडीच्या काट्यावर चढवत, बहात्तर किलो भरलो की समाधानाने मान डोलवत, आणि आम्ही महामार्गाला लागत असू. वजन तेच राहिलं तर फरक गाडीचा, असा त्यांचा हिशोब. एका वर्षी लग्नसराईत मी चौऱ्याहत्तर भरलो तेव्हा त्यांनी तीन रविवार चाचणी पुढे ढकलली होती. तलासरीच्या अलीकडे रस्त्याचा एक सरळ तुकडा आहे. तिथे मागेपुढे कोणी नाही असं दोनदा पाहून ते एक दीर्घ श्वास घेत आणि गाडी दाबत. पाच-सात सेकंद. मग पुन्हा चाळीस. बाजूला थांबवून विचारत, "पाठीत ढकलल्यासारखं वाटलं?"

"वाटलं."

"हाताने ढकलल्यासारखं, की खांद्याने?"

"हाताने," मी म्हणायचो. पुढच्या वर्षी खांद्याने म्हणायला जागा ठेवलेली बरी.

सुरुवातीचं दीड वर्ष ताई रोज या गाडीने शाळेत जात. शाळा रानशेतच्या बाजूला. साडू त्यांना सोडायचे, दुपारी आणायचे. वाटेत पाड्यांवरच्या त्यांच्या शाळेतल्या मुली चालत असायच्या. ताई गाडी थांबवायला लावत, उतरत, आपली सीट पुढे वाकवत आणि दोघींना मागे सरकवत. बरोबर दोघी मावायच्या. रोज वेगळ्या दोघी, कारण पाळी लावलेली होती, आणि पाळी चुकली तर मुली ताईंशी भांडायच्या असं माझी बायको सांगायची. साडूंना यातलं फारसं काही दिसत नसे. त्यांचं लक्ष काट्यांवर. आरशात पाहिलं तर मागून येणारा ट्रक पाहायला, मधे काय बसलंय ते पाहायला नव्हे.

पहिलं कलम त्यांनी ब्रेकचं बांधलं. पळायच्या आधी थांबता यायला हवं, म्हणून. ते लागलं. दुसऱ्या दिवाळीला, दोन हजार पंधराच्या, सभेने स्प्रिंगा ठरवल्या. गाडी आणखी बोटभर खाली बसणार होती आणि वळणावर कलणार नव्हती. पुस्तकात नोंद झाली, बायका उठून आत गेल्या. तरी साडू पेन्सिल चावत बसले होते. स्प्रिंगा बदलतोच आहोत तर गाडीचं थोडं वजनही उतरवता आलं असतं, असं काहीतरी पुटपुटत होते. माझ्या तोंडात करंजी होती. मी म्हणालो, "मागची सीट काढून टाका की. नाहीतरी तिथे बसतं कोण?"

साडूंना आणि ताईंना मूलबाळ नाही. आमच्याकडे हे कोणी बोलत नाही, आणि न बोलण्याची इतकी सवय झाली आहे की कधी कधी माणूस विसरूनच जातो. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालला होता तो थांबला आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. हे मला आज आठवतं. तेव्हा मी दुसरी करंजी घेतली.

साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की इतके दिवस ज्याला नुसतं वजन म्हणून बाळगलं त्याला बुद्धीही निघाली. नियम मोडतोय हे त्यांना कळत होतं. पण सीट काढणं म्हणजे काही बांधणं नव्हे, ती तर छाटणी, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. मिस्त्रीने एकदा हटकलंही. "शेठ, बे काम एकसाथे?" शेठ म्हणाले, "एक आणि अर्धं." त्या उन्हाळ्यात स्प्रिंगा बसल्या, सीट निघाली, आणि तिच्या जागी नुसता उघडा पत्रा राहिला. जून उजाडला, शाळा सुरू झाली, आणि पहिल्याच दिवशी ताई पर्स खांद्याला लावून फाटकाबाहेर गेल्या आणि सहा आसनी रिक्षात बसल्या.

साडूंनी विचारलं. "बरं पडतं रिक्षाने," ताई म्हणाल्या. साडूंनी पुन्हा विचारलं, कंबर दुखते का म्हणून. "कंबर आहेच," ताई म्हणाल्या. त्यांची शिकवायची तऱ्हाच ती. उत्तर सांगायचं नाही, मुलाला सापडेपर्यंत थांबायचं. वर्षभर लागलं तर वर्षभर. साडू मात्र कंबरेचा धागा धरून निघाले. गाडी कडक झाली, हादरे बसतात, म्हणून ही बसत नाही. पण स्प्रिंगा लागल्या आहेत की नाही ते ठरवायला वर्ष जाऊ द्यायला हवं, तोवर काढायच्या नाहीत. म्हणून पुढच्या दिवाळीला त्यांनी पुढच्या सीटला जाड गादी करून घेतली. ताई बसल्या नाहीत. त्याच्या पुढच्या दिवाळीला, बहुधा आवाजाचा त्रास होत असेल, म्हणून सायलेन्सर बदलला. गाडी इतकी मुकी झाली की वाडीतली कुत्री तिच्यासमोरून उठेनात. ताई बसल्या नाहीत. दर वर्षी सभेत ते तोंडाने इंजिनाचं बोलत, पण पुस्तकावर बोट फिरायचं ते ताई कशाने बसतील त्या ओळींवर, आणि टर्बोपुढे आणखी एक 'गै' पडायचा. हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. या माणसाला गाडी पळवायची नव्हतीच. त्यांना फक्त ती शेजारची सीट पुन्हा भरलेली हवी होती. आणि ती कशाने भरेल ते त्यांना कळत नव्हतं, कारण दोन एकदम बांधल्यावर खुंट नेमका का रुसला, ते कळत नाही.

या तीन वर्षांत डहाणू-रानशेत रस्त्यावर रोज सकाळी एक देखावा दिसे. पुढे सहा आसनी रिक्षा, तिच्यात तेरा माणसं, आणि तिच्या मागे वीसच्या वेगाने आमच्या साडूंचं कासव. गाडी गरम करायला नेतो, असं ते सांगत. त्या रिक्षांत मागचा बाक उलट्या तोंडाचा असतो. ताई नेमक्या तिथे बसत, शाळेच्या मुलींच्या मधे, दप्तरं मांडीवर घेऊन. म्हणजे नवराबायको रोज पाऊण तास समोरासमोर, मधे एक काच आणि रिक्षाचा धूर. बोलणं नाही. साडूंचा इंडिकेटर चुकून चालू राहिला तर ताई रिक्षातून हाताने खूण करत, आणि ते बंद करत. मी एकदा बरोबर होतो. मुली हसत होत्या, एकमेकींच्या कानात काही सांगत होत्या, ताईही हसत होत्या. साडू म्हणाले, "बघा, तेवढे धक्के खाते रिक्षात, आणि कशी छान बसलीय." मीही बघितलं, आणि मलाही त्यापुढे काही सुचलं नाही. दोन पुरुष, तीन वर्षं, एवढ्याशा काचेतून तेच बघत होते.

दोन हजार अठराच्या दिवाळीला साडूंनी सभेत कोणाला काही विचारलं नाही. "यंदा टर्बो," म्हणाले आणि पुस्तक मिटलं. आनंदाने नव्हे, परीक्षेत एक प्रश्न सुटेना म्हणून पुढच्याला हात घालावा तसं. मे महिन्यात ताई निवृत्त होणार होत्या. त्यानंतर रिक्षाही नव्हती आणि तिच्यामागे जाणंही नव्हतं.

त्याच दिवाळीनंतर आमच्या भागात जमीन हलायला लागली. तलासरी आणि डहाणूच्या मधल्या गावांत दोन-चार दिवसांआड धक्का. लोक अंगणात निजू लागले, शाळा झाडाखाली भरू लागल्या, कचेरीत आम्ही फायली घेऊन दाराजवळ बसत असू. टर्बोची लाकडी पेटी आली तो दिवस मला आठवतो, कारण जेवणाच्या सुट्टीत साडू मला कचेरीतून घेऊन गेले होते. पेटी उघडायला साक्षीदार हवा होता. मिस्त्री बॉनेटखाली वाकलेला. अचानक गाडी थरथरली, पान्ह्यांचा डबा खणखणला.

"शेठ, बंद करो," मिस्त्री डोकं न काढता म्हणाला.

"बंदच आहे," साडू म्हणाले.

मग तिघांनाही कळलं आणि आम्ही बाहेर धावलो. गॅरेजच्या भिंतीवरून मातीचा एक पोपडा पडला. नेहमीपेक्षा मोठा धक्का होता. साडूंनी ताईंना फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. मग बॉनेट स्वतःच्या हाताने आपटलं, मला म्हणाले, "बसा," आणि आम्ही निघालो. महामार्गाने चारोटीला येऊन आत वळलो. पाच वर्षांत पहिल्यांदा मी त्या गाडीचा वेग पाहिला, काट्यावर नव्हे, साडूंच्या बोटांवर. पाठीत ढकललं की नाही हे त्यांनी विचारलं नाही.

शाळेत सगळे सुखरूप होते. एका खोलीची कौलं घसरली होती, पण वर्ग बाहेर मोहाच्या झाडाखालीच भरलेला असल्याने कोणाला काही झालं नव्हतं. आईबाप येऊन आपापली मुलं नेत होते. ताई दोन लहान बहिणींचे हात धरून उभ्या होत्या. त्यांचा पाडा लांब, आईबाप वीटभट्टीवर गेलेले, घरी एकटी आजी. साडू ताईंच्या समोर जाऊन उभे राहिले.

"चल घरी," एवढंच म्हणाले.

"या दोघींना सोडायचंय आधी."

"मग बसव की त्यांनाही."

ताई गाडीपाशी आल्या. मी उतरून बाजूला झालो. त्यांनी सीटची कळ दाबली आणि सीट पुढे वाकवली. तीन वर्षांत हात विसरला नव्हता. मागे पत्रा होता. पत्र्यावर अवजारांची पेटी, एक जॅक आणि माझा जेवणाचा डबा.

"कुठे बसवू?" ताईंनी विचारलं. रागाने नाही. फळ्यावर प्रश्न लिहून वर्गाकडे वळावं, तसं.

थोरली मुलगी वाकून आत बघत होती. "बाई, इथं सीट होती," ती म्हणाली. "मी बसलेली."

साडूंनी तिच्याकडे पाहिलं, मग पत्र्याकडे, मग बराच वेळ कुठेच नाही. ताईंनी सीट मागे लोटली, दार हलकेच लावलं, "तुम्ही व्हा पुढे, आम्ही येतो," म्हणाल्या, आणि समोरून येणाऱ्या रिक्षाला हात केला. आम्ही पुढे झालो नाही. नेहमीसारखे मागून गेलो. मागच्या बाकावर धाकटी ताईंच्या मांडीवर झोपून गेली होती आणि ताई तिच्या डोक्यावर पदर धरून होत्या, उन्हाला. त्या दिवशी आमचा इंडिकेटर पाड्याच्या वळणापर्यंत चालूच राहिला. त्यांनी खूण केली नाही, त्यांचं लक्ष नव्हतं.

मी वाट बघत होतो. सीट काढा असं कोण म्हणालं होतं, हे आता साडू विचारतील. विचारलं की काय उत्तर द्यायचं ते मी जुळवत होतो. त्यांनी विचारलं नाही. पाड्याच्या वळणावर इंडिकेटर बंद करत म्हणाले, "दोन कलमं एकदम बांधली मी." मी, असं म्हणाले. आपण, असंही नाही.

काढलेली सीट वाडीतल्या पॅकिंगच्या शेडमध्ये सापडली. चिकू निवडणाऱ्या बाया तिच्यावर बसत आणि एका कोपऱ्यात उंदरांनी घर केलं होतं. साडूंनी ती उन्हात घातली, स्वतः झाडली, डहाणूत नेऊन नवं कापड घातलं आणि तलासरीला नेली. मिस्त्रीने सीट पाहिली, न उघडलेली टर्बोची पेटी पाहिली. "शेठ, आमां पावर नथी वधवानो," तो म्हणाला. याने ताकद वाढायची नाही, हे त्याने प्रामाणिकपणे सांगून ठेवलं. साडू म्हणाले, "बसव तू." स्प्रिंगा मऊ करून घेऊ या का, असंही त्याने विचारलं. साडू नको म्हणाले. एका वेळी एक.

मार्चपासून ताई गाडीने जाऊ लागल्या. सकाळी त्या फाटकाबाहेर आल्या, गाडी उभी होती, दार उघडं होतं. त्यांनी आत वाकून मागे पाहिलं आणि बसल्या. पाड्यावर पाळी पुन्हा सुरू झाली. एका रविवारी माझ्यासमोरच साडूंनी विचारलं, "कंबर दुखते का गं?"

"दुखते," ताई म्हणाल्या.

"मग?"

"मग काय, दुखते."

साडू हे उत्तर किती तरी वेळ तोंडात घोळवत होते. शाळेचे फक्त दोन महिने उरले होते. मेमध्ये ताई निवृत्त झाल्या, आणि ज्या सीटला यायला तीन वर्षं लागली तिच्यावर बसणारं त्यानंतर कोणी नव्हतं. मी जातो तेव्हा बघतो. कापड अजून नव्यासारखं आहे. एका बाजूला खिडकीच्या काचेवर, खालच्या अंगाला, लहान बोटांचे ठसे आहेत. गाडी रोज पुसणारे साडू तेवढी काच सोडून पुसतात.

यंदाच्या दिवाळीला सभा झाली. जमीन आताशा पूर्वीइतकी हलत नाही. साडूंनी हजेरीचं पुस्तक उघडलं. सगळ्यात शेवटी नव्या शाईत 'मागची सीट' आणि तिच्यापुढे 'ह' होतं. "यंदा गाडीला काय करायचं?" त्यांनी विचारलं. आम्ही सगळे ताईंकडे बघायला लागलो, पण त्या चिवडा वाढत राहिल्या. मग साडूंनीच पुस्तक मिटलं. "यंदा काही नको," म्हणाले. "गेल्या वर्षीचं लागलंय का, ते बघू." टर्बोची पेटी मिस्त्रीकडे तशीच आहे. तिच्यावर तो चहाचे पेले ठेवतो.

वाडीवरून रिक्षा मिळेपर्यंत चालावं लागतं. चालता चालता मी बायकोला सांगून टाकलं. सीट काढा असं भाऊजींना मी म्हणालो होतो, आणि कोण बसतं तिथे असंही मीच म्हणालो होतो, आणि आजवर हे कोणाला सांगितलं नाही. ती थांबली नाही, पिशवी फक्त या हातातून त्या हातात घेतली.

"ताईला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," ती म्हणाली. "ती दाराआडच होती. भाऊजींनी एकदाही तुमचं नाव घेतलं नाही, आणि तिने मला बजावलं, तुमच्यापाशी यातलं काही बोलायचं नाही, तुम्ही मनाला लावून घेता." मग थोडं चालून म्हणाली, "आता कळलंय तर कळल्यासारखं दाखवू नका तिथे."